गोव्यात राहून चित्रकार व्हायचंय? आधी एक पावसाळा चित्रशाळेत बसा

मी माशेलची. एकवीस वर्षं झाली, रंगांवरच घर चालवते. दरवर्षी जून लागला की फाईन आर्ट्स करून आलेली दोन-तीन मुलं दारात येतात. "ताई, इथे राहून जमेल, की मुंबईला जावं?" त्यांना चहा देता देता जे सांगते, तेच आज नीट लिहून काढते.

मुंबईला जाण्यात वाईट काही नाही. मडगावात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल तिकडे गेले आणि मुखपृष्ठं, दिवाळी अंक यांतून मराठी घराघरात पोचले. मडगावचेच लक्ष्मण पै पॅरिसमध्ये राहिले, आणि १९७७ मध्ये परत येऊन दहा वर्षं आपल्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण राहायचं ठरलं असेल, तर एक गोष्ट मनाशी पक्की करा: आधी गावाला तुमचा हात माहीत व्हायला हवा. गॅलरी त्यानंतर.

पहिलं काम घर. पणजीतल्या फोंतेनमधल्या किंवा आसगावातल्या जुन्या घरांचा मोह सोडा. तिथली भाडी पर्यटकांच्या खिशाकडे बघून ठरतात. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या बाजूला पाहा. घर बघायला जायचं ते जुलैत. एप्रिलमध्ये सगळीच घरं छान दिसतात. जुलैत चिऱ्याच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर तळहात लावा. हात गार आणि ओलसर लागला, तर त्या खोलीत कागद टिकणार नाही. छपराच्या नळ्यांतून (कौलांतून) कुठे गळतं ते घरमालकाला न विचारता जमिनीवरच्या डागांवरून ओळखा. उत्तरेची एक खिडकी आणि रंग धुवायला मागच्या दारी पाणी, एवढं मिळालं की करार करून टाका.

आता चित्रशाळेचं. गोव्यात गणपती घडवायच्या जागेला आपण कारखाना म्हणत नाही, चित्रशाळा म्हणतो, यातच सगळं आलं. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात एक असतेच. मे संपता संपता तिथे जा. "मला शिकायचंय" एवढंच म्हणा. आपलं पदवी-प्रमाणपत्र पहिल्या दिवशी बाहेर काढू नका. आधी माती मळायला मिळेल, मग साच्यातले हात-पाय जोडायला, मग ओल्या बोटाने सांधे बुजवायला. पावसात माती वाळत नाही, म्हणून मूर्तींच्या मागे बल्ब लावतात. तो जवळ गेला की पोटावर तडा आलाच. किती दूर ठेवायचा हे कुठल्या पुस्तकात नाही. मूर्तीच्या पाठीला हात लावून कळतं.

मी ज्यांच्याकडे बसले त्या आबांनी मला पहिली दोन वर्षं डोळ्यांना हात लावू दिला नाही. तिसऱ्या वर्षी, चवथीला नऊ दिवस उरले असताना, त्यांनी बारीक कुंचला हातात दिला आणि म्हणाले, "आधी पाट बघ." नागपंचमीच्या सुमाराला लोक आपापले पाट आणून देतात, त्यावर सुपारी आणि विडा ठेवून. प्रत्येक पाटाच्या मागे खडूने घराचं नाव. आबांना ती घरं आतून माहीत. या घरात गणपती उंच चौरंगावर बसतो, त्या घरात खाली, कारण वर माटोळी, म्हणजे फळांपानांची टांगती चौकट, आहे आणि छप्पर बुटकं. उंच बसणाऱ्याची बुबुळं केसभर खाली लिहायची, म्हणजे आरतीला उभ्या असलेल्या माणसाला देव आपल्याकडे बघतोय असं वाटतं. खाली बसणाऱ्याची नजर सरळ. डाव्या हाताची मूठ टेकू म्हणून उजव्या मनगटाखाली, करंगळी मूर्तीच्या गालाला न लागेल इतकी जवळ, श्वास रोखून एक रेघ वरच्या पापणीची. ती थरथरली तर पुसून पुन्हा पांढरा देऊन वाळेपर्यंत थांबायचं. त्या संध्याकाळी मी चार डोळे लिहिले. कॉलेजात पाच वर्षं पोर्ट्रेट काढली होती, पण चित्र कोणत्या भिंतीवर, कुणाच्या नजरेच्या उंचीवर लागणार हे मी त्याआधी कधीच विचारलं नव्हतं. आज कुणी चित्र मागितलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

स्वतःची चित्रशाळा काढायची झाली, तर मातीच्या मूर्तींसाठी गोवा हस्तकला महामंडळाकडून दर मूर्तीमागे अनुदान मिळतं. नाव वेळेत नोंदवा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वाटेला जाऊ नका. इथे त्या मूर्तींवर बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. आपल्या नद्यांत रोज माणसं उतरतात.

बाकीचं वर्ष गावाच्या पंचांगावरून आखा. चवथीला माटोळी असते. कवंडळ, चिबूड, सुपारीची शिपटी बांधून जे रूप आणतात, ते शिकण्यासारखं आहे. कला आणि संस्कृती संचालनालय त्याची स्पर्धाही घेतं. दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुराचे मुखवटे. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांचे येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे. मग जत्रांचा हंगाम, आणि जत्रेला देवळात मराठी नाटक होणारच. त्याचं नेपथ्य कुणीतरी करायचं असतं. मार्चमध्ये शिगम्याचे चित्ररथ. या प्रत्येक कामात पैसा थोडा, पण रोख, आणि तीनशे माणसं तुमचं काम समोर उभी राहून बघतात. त्यातलाच कुणीतरी पुढे घर बांधतो आणि भिंतीसाठी तुम्हाला बोलावतो. माझी पहिली मोठी मागणी एका नाटकाच्या पडद्यावरून आली. पडद्यावर मी आमच्या वाड्यावरचीच विहीर काढली होती.

दर सांगायला लाजू नका. देवाचं काम फुकट करायचं असेल, तर ते तुमच्या मनाने ठरवा, वर्षाला एक. बाकी कामाला माझा हिशेब साधा: सामान, प्रवास आणि दिवस. दिवसाची मजुरी तुमच्या वाड्यावरचा गवंडी घेतो त्यापेक्षा कमी धरायची नाही. अर्धे पैसे आधी. आणि एक कायदा ठाऊक असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, सांगणाऱ्याचा असतो. म्हणजे तुमचं चित्र तो कपांवर छापून विकू शकतो. म्हणून मी बिलावरच एक ओळ लिहिते: "मूळ चित्र ग्राहकाचं, छपाईचे व प्रतींचे सर्व हक्क चित्रकाराकडे." खाली दोघांची सही.

कागदाचं महत्त्व मला फार महागात कळलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने मे महिन्यात माझी चौदा चित्रं "लावायला" नेली. विकली गेली तर निम्मे-निम्मे, असं तोंडी ठरलं. मी पावती मागितली नाही, कारण नेणारा माणूस फार अदबीने बोलत होता. सप्टेंबरमध्ये चित्रं परत आली ती अकरा. सगळ्यांच्या काचेआड करड्या बुरशीचे ठिपके, जलरंगांवर तर फुलंच उमटलेली. उरलेल्या तीन चित्रांचं काय झालं, ते आजवर कळलं नाही. त्या रात्री मी खूप रडले. तुम्ही चित्र घराबाहेर काढताना यादी करा: नाव, आकार, किंमत, फोटो, नेल्याची तारीख, आणायची तारीख, त्यांचा वाटा, आणि नुकसान झालं तर कोण भरणार. गॅलऱ्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घेतात. तेवढं देणं गैर नाही, पण ते कागदावर हवं. आणि जून ते सप्टेंबर चित्र समुद्राकाठी पाठवायचंच नाही.

बुरशीबद्दल थोडं अधिक, कारण हे शिकवायला कुणी बसत नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की ती धरायला लागते, आणि आपल्याकडे पावसाळाभर हवा त्याच्या कितीतरी वर असते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत येतं, ते घ्या. चित्र भिंतीला चिकटवून टांगू नका. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. काचेला कागद टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. कागद एका लाकडी कपाटात, तळाला लहान बल्ब दिवसरात्र चालू, जमिनीपासून वीतभर उंच. सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरवड्याला तव्यावर गरम करून परत ठेवा. बुरशी आलीच, तर ते चित्र इतरांपासून वेगळं करा, पूर्ण वाळू द्या, नाकाला फडकं बांधून अंगणात मऊ कोरड्या कुंचल्याने झाडा. ओल्या कपड्याने पुसलं की ती कागदात आणखी खोल जाते.

तैलरंग पावसात हट्टाने वाळत नाहीत, ते ऑक्टोबरसाठी ठेवा. जलरंगांना मात्र हा ऋतू मानवतो. कागद अर्धा तास ओला राहतो, आणि ओल्यात ओला रंग सोडायला जो निवांतपणा हवा तो आषाढात आपोआप मिळतो. माझी हिरव्या रंगाची सगळी बरी चित्रं तेव्हाचीच.

पणजीशी नातं ठेवा, पण महिन्यातून दोन दिवस. पाटो भागातल्या संस्कृती भवनात जाऊन योजनांचे अर्ज विचारा, आणि तिथल्याच कृष्णदास शामा ग्रंथालयात दुपार घालवा. आल्तिनोवरच्या सुनापरान्त या कलाकेंद्रात काय लागलंय ते बघा. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तेव्हा देशभरातली माणसं पणजीत असतात. तिथे नुसतं फिरू नका, एखाद्या मांडणीत हात लावायला मिळतो का पाहा. चित्रं कशी टांगतात, उजेड कुठून देतात, हे तिथे शिकायला मिळतं. आणि एक रविवार मोरजीच्या मोरजाईच्या देवळात जा, कावी म्हणजे भिंतीवरची कोरीव चित्रं बघायला. चुन्यावर हुरमुंजीचा (तांबड्या मातीच्या रंगाचा) थर देऊन, तो ओला असतानाच खरवडतात आणि खालचा पांढरा चुना उघडा करतात. एकच रंग, आणि वेळ फक्त गिलावा ओला आहे तोवर. वही घेऊन जा, फोटोवर भागवू नका.

पहिलं प्रदर्शन गावातच भरवा. देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाची इमारत, जत्रेच्या दोन दिवसांसाठी मागितली तर समिती बहुतेक नाही म्हणत नाही. आधी महाजनांना, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांना, घरी जाऊन भेटा. सुतळी, चिमटे आणि पांढऱ्या चादरी एवढ्यावर काम होतं. चित्राखाली नाव मराठीत, किंमत स्पष्ट आकड्यात. तळहाताएवढी चित्रं पुष्कळ ठेवा, पाचशे रुपयांच्या आतली. मोठं बघणारा माणूस लहान विकत घेतो. दारात वही ठेवा आणि येणाऱ्याला गाव, वाडा लिहायला सांगा.

माझ्या पहिल्या प्रदर्शनात शेजारच्या वाड्यावरची एक आजी विहिरीच्या चित्रापुढे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "बाय, रहाट डावीकडे होता." मी चित्र घरी आणलं आणि रहाट डावीकडे घेतला. पुढच्या नागपंचमीला तिच्या नातवाने पाट आणून दिला तो आबांकडे नाही, माझ्याकडे.