केएमएसकॉन सोर्समधून बसवताना या चुका टाळा

लिनक्सचा मजकुरी कन्सोल (डेस्कटॉपशिवाय कमांड देण्याचा पडदा) कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आतच चालतो आणि त्याच्या मर्यादाही तिथल्याच आहेत. त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात, आणि वर सरकून गेलेला मजकूर मागे जाऊन पाहण्याची सोय तर २०२० मध्ये आलेल्या ५.९ आवृत्तीत काढूनच टाकण्यात आली. केएमएसकॉन हा टर्मिनल एम्युलेटर तेच काम कर्नलबाहेर, साधे प्रोग्रॅम चालतात त्या यूझरस्पेसमध्ये करतो. तो डीआरएम या कर्नलच्या ग्राफिक्स यंत्रणेमार्फत स्वतः पडद्यावर अक्षरे काढतो आणि कीबोर्ड थेट वाचतो, त्यामुळे त्याला डेस्कटॉप लागत नाही. त्याचा बिल्ड तसा अवघड नाही. बहुतेकांची फसगत होते ती बिल्ड विनातक्रार पार पडल्यावर, कारण तेवढ्यावर विसंबून जुना कन्सोल काढून टाकला जातो आणि पुढच्या रीबूटला समोर काळा पडदा उभा राहतो.

पहिली चूक सोर्स उतरवून घेतानाच होते. मूळ प्रकल्प बराच काळ थंडावला होता आणि नंतरचे काम त्याच्या फोर्कमध्ये, म्हणजे त्यातून फुटलेल्या वेगळ्या प्रकल्पात, झाले. जुन्या सूचनांमध्ये ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक अशी वाट दिलेली असते, तर आताचा बिल्ड मेसन (बिल्डची तयारी करणारे साधन) आणि निंजा (प्रत्यक्ष बिल्ड करणारे साधन) यांवर चालतो. सूचना एका काळातली आणि सोर्स दुसऱ्या काळातला अशी सरमिसळ झाली, तर सुरुवातीलाच ठेच लागते. म्हणून उतरवलेल्या डिरेक्टरीत मेसनची बिल्ड फाइल आहे की नाही हे आधी पाहावे आणि त्याच सोर्ससोबत आलेली रीडमी वाचावी.

त्यानंतर अडते ते लिब-टीएसएम या लायब्ररीपाशी. टर्मिनलची सगळी अंतर्गत स्थिती, म्हणजे कर्सर कुठे आहे, कोणत्या घरात कोणते अक्षर आहे, कोणता रंग चालू आहे, हे सारे ही लायब्ररी सांभाळते आणि ती वेगळी बिल्ड करावी लागू शकते. लिनक्स वितरणाच्या (डिस्ट्रोच्या) पॅकेजमधली आवृत्ती जुनी असेल, तर मेसन ती नाकारतो. आपण स्वतः बांधलेली लायब्ररी ‘यूएसआर-लोकल’खाली जाते, आणि काही वितरणांत लायब्ररी शोधून देणारे पीकेजी-कॉन्फिग तिथे पाहतच नाही. मग नुकतीच इन्स्टॉल केलेली लायब्ररी सापडत नसल्याची तक्रार येते आणि माणूस तीच लायब्ररी पुनःपुन्हा बांधत बसतो. पीकेजी-कॉन्फिगच्या शोधमार्गात ती डिरेक्टरी जोडली की हा प्रश्न सुटतो. याचेच जुळे भावंड प्रोग्रॅम चालवताना भेटते. बिल्ड झालेला असतो, पण सुरू करताच शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही असा संदेश येतो. अशा वेळी लिंकरच्या मार्गांमध्ये ती डिरेक्टरी असल्याची खात्री करून रूट (सर्वाधिकार असलेला यूझर) म्हणून, लायब्ररींची नोंद ताजी करणारे एलडीकॉन्फिग एकदा चालवावे. लिब-यूडेव्ह, लिब-डीआरएम आणि लिब-एक्सकेबीकॉमन यांच्या बाबतीत मात्र कारण बहुधा साधेच असते. लायब्ररी असते, पण तिचे हेडर देणारे डेव्ह किंवा डेव्हेल पॅकेज बसवलेले नसते.

मेसनचा सारांश न वाचता पुढे जाणे

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे. केएमएसकॉनचे बरेच भाग ऐच्छिक आहेत. पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी नसेल तर पँगोचे फॉन्ट इंजिन वगळले जाते, जीबीएम, ईजीएल आणि जीएलईएस२ या ग्राफिक्स लायब्ररींपैकी काही नसेल तर हार्डवेअरच्या मदतीने चित्रण करणारा भाग वगळला जातो, आणि यातल्या कशालाही मेसन एरर म्हणत नाही. सेटअपच्या शेवटी तो कोणता भाग चालू आणि कोणता बंद याची यादी छापतो, पण तोवर आपले लक्ष पुढच्या कमांडकडे गेलेले असते. पुढे कॉन्फिग फाइलीत फॉन्टचे नाव दहा वेळा बदलूनही पडद्यावर तेच बारीक, ठोकळेबाज अक्षर दिसत राहते, कारण त्या बिल्डमध्ये फक्त युनिफॉन्ट असतो आणि तो १६ पिक्सेल उंचीचा बिटमॅप फॉन्ट आहे. जो भाग हवाच आहे तो सेटअपच्या वेळी स्पष्टपणे ‘एनेबल्ड’ म्हणून मागावा, म्हणजे त्याची लायब्ररी नसल्यास मेसन तिथेच थांबेल. उणीव राहिलेली पॅकेजे नंतर बसवली, तर जुन्या बिल्ड डिरेक्टरीत नुसता निंजा चालवून भागत नाही. सेटअप नव्याने करावा, आणि शंका असल्यास ‘वाइप’ पर्याय देऊन करावा.

बिल्ड सूडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, करू नये. तसे केल्यास बिल्ड डिरेक्टरीतल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी आपल्याच फाइलींवर परवानगी नाकारली जाते. सूडो फक्त इन्स्टॉलच्या पायरीला लागते. शिवाय इन्स्टॉल झाल्यावर ती डिरेक्टरी लगेच पुसू नये, कारण कोणत्या फाइली कुठे गेल्या याची नोंद तिच्यातच असते आणि निंजाचे अनइन्स्टॉल त्याच नोंदीवर चालते.

चाचणी आणि सर्व्हिस

चाचणी डेस्कटॉपवरच्या टर्मिनलच्या खिडकीत घेऊ नये. केएमएसकॉन खिडकीत उघडत नाही, त्याला पूर्ण पडदा लागतो, आणि एका ग्राफिक्स उपकरणाचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे असतो. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून रिकाम्या कन्सोलवर जावे, लॉगिन करावे आणि डीबग पर्याय देऊन तो रूट म्हणून चालवावा. साध्या यूझरला इनपुट उपकरणे उघडण्याची परवानगी नसल्याने तिथे अपयश येणे हा बिल्डचा दोष नव्हे. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरात असेल, तर एनव्हिडिया-डीआरएम मोड्यूलचा मोडसेट पर्याय चालू आहे का, हेही पाहावे.

एक सावधगिरी कोणी फारशी सांगत नाही. लॉगिन पर्याय न देता केएमएसकॉन सुरू केला, तर तो थेट शेल उघडतो. चाचणीपुरते ते सोयीचे असते, पण हीच ओळ कोणी स्वतः लिहिलेल्या सर्व्हिस फाइलीत ठेवली, तर मशीनसमोर बसणाऱ्या प्रत्येकाला पासवर्डाशिवाय रूट शेल मिळेल. सोबत येणारी ‘केएमएसकॉनव्हीटी’ नावाची सर्व्हिसच वापरावी.

तीसुद्धा एकाच कन्सोलवर, समजा टीटीवाय३ (तिसऱ्या कन्सोल) वर, सुरू करून काही दिवस पाहावे. नवा कन्सोल उघडताना कोणती सर्व्हिस चालवायची हे ठरवणारी ‘ऑटोव्हीटी’ची लिंक बदलली की नव्याने उघडणारे कन्सोल एकदम केएमएसकॉनकडे जातात, आणि उत्साहाच्या भरात अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. मीही तेच केले होते. रीबूटनंतर पडदा काळा होता, कर्सर नव्हता, आणि कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नव्हता. सर्व्हिस अयशस्वी झाली तर गेटी (नेहमीचे लॉगिन दाखवणारा प्रोग्रॅम) आपोआप सुरू होण्याची तरतूद तिच्यात असते, हे मला ठाऊक होते. पण माझी सर्व्हिस अयशस्वी झालेलीच नव्हती, ती निवांत चालू होती आणि पडद्यावर काही काढत नव्हती. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरून लिंक काढली, तेव्हा कुठे काम भागले. त्यामुळे आधी एसएसएच चालू करावे आणि ते चालते याची खात्री करावी. ते नसेल, तर बूटच्या वेळी कर्नलच्या ओळीत ‘सिस्टिमडी डॉट मास्क’ने ती सर्व्हिस रोखता येते आणि ‘सिस्टिमडी डॉट वॉन्ट्स’ने टीटीवाय१ वर गेटी मागवता येते. कीबोर्ड अडकून पडला असेल आणि वितरणाने मुभा ठेवली असेल, तर आल्ट, सिसआरक्यू आणि आर दाबून तो कर्नलकडे परत आणता येतो. नेमके काय बिघडले हे सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलमध्ये त्या सर्व्हिसच्या नावाने शोधावे.

कीबोर्डचा लेआउट चुकीचा वाटल्यास लोडकीज चालवून काही होत नाही, कारण ती मांडणी कर्नलच्या कन्सोलसाठी असते. केएमएसकॉन एक्सकेबी या वेगळ्या कीबोर्ड-यंत्रणेची मांडणी वापरतो आणि ती त्याच्याच कॉन्फिग फाइलीत द्यावी लागते. फाइलीत केलेला बदल दिसत नसेल, तर भलतीच फाइल वाचली जात असण्याची शक्यता आहे. ‘कॉन्फिगडिर’ पर्यायाने डिरेक्टरी नेमून दिली की उलगडा होतो.

देवनागरीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. लिब-टीएसएम पडद्याची चौकोनी घरे पाडते आणि काना, वेलांटी यांना स्वतंत्र घर देते. त्यामुळे पँगो असला तरी ‘कि’मधली वेलांटी क-च्या आधी न येता नंतर दिसते आणि ‘क्ष’सारखे जोडाक्षर सुट्या अक्षरांत तुटते. फॉन्ट बदलून किंवा पुन्हा बिल्ड करून हे सुधारत नाही.