व्हर्च्युअल मशीनमधलं हरवलेलं नेटवर्क कार्ड

पुण्यात सिस्टीम ॲडमिन म्हणून माझी पहिली नोकरी. तिसऱ्याच महिन्यात व्हीएमवेअरवरचा एक विंडोज सर्व्हर प्रॉक्समॉक्सवर हलवायचं काम माझ्याकडे आलं. हा सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक; व्हीएमवेअर आणि प्रॉक्समॉक्स ही अशी मशीन चालवणारी सॉफ्टवेअर. रात्री दहाला मशीन सुरू झालं, लॉगिनही झालं, पण नेटवर्क नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'इथरनेट कंट्रोलर'समोर पिवळा त्रिकोण. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करावा तर मशीनला नेटच नाही! हा त्रिकोण दिसण्याआधी दोन तास मी केबल, स्विच आणि फायरवॉल तपासत बसलो होतो. हे काम नव्याने शिकणाऱ्यांचे ते दोन तास वाचावेत म्हणून लिहितोय.

व्हीएममधलं कार्ड हे हायपरव्हायजरने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, उभं केलेलं असतं. होस्टमध्ये, म्हणजे खालच्या खऱ्या संगणकात, कुठल्याही कंपनीचं कार्ड असो, आतल्या विंडोजला ते दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्स बहुतेक वेळा इंटेल ८२५४०ईएम या जुन्या कार्डाचं रूप दाखवतं. व्हीएमवेअरमध्ये ई१००० किंवा व्हीएमएक्सनेट३ असतं, केव्हीएम (लिनक्समधला हायपरव्हायजर) आणि प्रॉक्समॉक्सवर व्हर्टआयओ. व्हीएमएक्सनेट३ आणि व्हर्टआयओ ही कार्डं कुठल्याच खऱ्या कार्डाची नक्कल नाहीत. ती व्हीएमसाठीच आखलेली आहेत, म्हणून वेगवान आहेत. लिनक्स कर्नलमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर २००८ च्या २.६.२४ आवृत्तीपासून आहे. विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये मात्र तो येत नाही, आणि माझं घोडं तिथंच अडलं होतं.

त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा, की या मशीनला नेमकं कोणतं कार्ड दिसतंय? त्रिकोणावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. व्हेंडर (कंपनीचा क्रमांक) ८०८६ असेल तर इंटेल, १५एडी असेल तर व्हीएमवेअर, १एएफ४ असेल तर व्हर्टआयओ. एवढ्यावर कोणता ड्रायव्हर हवा ते कळतं. लिनक्समध्ये हीच माहिती एलएसपीसीआय कमांड (lspci -nnk) देते, आणि कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय तेही दाखवते.

नेट नसलं तरी व्हीएमची सीडी ड्राइव्ह चालू असते, हे मला त्या रात्री फार उशिरा सुचलं. व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपातली प्रत) होस्टवर उतरवून त्या ड्राइव्हला जोडा. तिच्यातल्या नेटकेव्हीएम फोल्डरमध्ये तुमच्या विंडोज आवृत्तीचा ड्रायव्हर असतो. अगदीच घाई असेल तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये कार्ड तात्पुरतं ई१००० करा. विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर सहसा असतो. पण त्याच झटक्यात डिस्कचा प्रकार व्हर्टआयओ करू नका. डिस्कचा ड्रायव्हर आत नसेल तर मशीन निळा पडदा दाखवून थांबेल आणि एकाचे दोन प्रश्न होतील.

ड्रायव्हर बसला, त्रिकोण गेला. मग जुना स्थिर आयपी टाकायला गेलो तर विंडोज म्हणे, हा पत्ता दुसऱ्या ॲडॅप्टरला दिलेला आहे. ते व्हीएमवेअरचं जुनं कार्ड! मशीनमध्ये नाही, पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदींत) आपला आयपी धरून बसलेलं. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडलं की ते फिकट रंगात दिसतं. तिथून ते अनइन्स्टॉल करा.

लिनक्समध्ये गोष्ट वेगळी असते. तिथे ड्रायव्हर ठीक असतो, पण स्लॉट बदलल्यामुळे कार्डाचं नावच बदलतं. ईएनएस१६० चं ईएनएस१८ होतं आणि नेटप्लॅनच्या (उबंटूतल्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये जुनंच नाव राहतं. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून काही होत नाही, फाइलमधलं नाव बदलावं लागतं.

आणि विंडोजमध्ये कार्ड व्यवस्थित दिसतंय, पण आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय? मग ड्रायव्हरचा नाद सोडा. मशीनला डीएचसीपीकडून, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर मिळत नाहीये. होस्टवरचा ब्रिज (व्हीएमला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) आणि व्हीएलएएन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) बरोबर आहेत का आणि कार्ड 'कनेक्टेड' आहे का, हे बघा.

आता मी मशीन हलवण्याआधीच, जुन्या जागी नेट चालू असताना, व्हर्टआयओचे ड्रायव्हर आत टाकून ठेवतो. आयपी, गेटवे आणि डीएनएस वहीत लिहून घेतो. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतो. या तयारीला अर्धा तास लागतो.