उन्हाळ्यात बर्फ आणि रानफुलं दोन्ही बघायचेत? दुपारचा डोंगर असा चढा

दुपारी निघणार असाल तर मागे फिरायची वेळ आधीच ठरवा आणि ती झाली की माथा समोर दिसत असला तरी खरंच फिरा. ढग फुलकोबीसारखे उंच वाढायला लागले की वीज पडायचा धोका असतो, मग उघड्या धारेवर अजिबात थांबायचं नाही. जॅकेट घ्याच, दर १००० मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं.

आता बर्फाचं नीट समजून घ्या. दुपारपर्यंत तो मऊ पडतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि मोठे दगड उन्हाने तापतात ना, त्यामुळे त्यांच्याभोवतीचा बर्फ आतून वितळून पोकळ झालेला असतो, म्हणून दगडापासून लांबूनच जा. चढताना बुटाचं टोक मारून पायरी करा, उतरताना टाच आधी रोवा. खालून पाण्याचा आवाज आला तर त्या बर्फावर पाय ठेवूच नका. आणि वितळलेलं पाणी उतरून संध्याकाळी ओढे फुगतात, जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना गुडघ्याला लागू शकतं.

गॉगल मस्ट. ऊन बर्फावरून वर उसळतं, सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा.

फुलं शोधायची तर बर्फाच्या कडेला, जिथे माती नुकतीच मोकळी झालीये आणि ओली आहे. फोटोसाठी खडकावर टेका, झाडांवर नको, इतक्या उंचीवर ती फार सावकाश वाढतात, चुरडली की सावरायला वर्षं जातात.