वॉरंटी संपली आणि मशीन बंद पडलं? या चुका टाळा

आमचं वॉशिंग मशीन वॉरंटी संपून दोन महिने होत नाहीत तोच बंद पडलं. टेक्निशियन आला, पाठीमागचं झाकण उघडलं, पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेलाय म्हणाला, वॉरंटी नाही म्हणजे सगळा खर्च तुमचा. मी मान डोलावली, आणि तिथंच चुकलं. कारण हेच मशीन वॉरंटीत असताना दोनदा स्पिनच्या आधी अडकलं होतं, दिवे लुकलुकायचे आणि सगळं ठप्प, दोन्ही वेळा माणूस येऊन गेलेला. जॉबशीटवर, म्हणजे टेक्निशियन काम लिहून आपली सही घेतो त्या कागदावर, काय लिहिलं होतं तर "मशीन ओके", आणि खाली माझी सही!

तर मुद्दा असा की वॉरंटी हा कंपनीने दिलेला शब्द आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ही वेगळी गोष्ट आहे. वस्तूत मुळातच दोष असेल तर तारीख उलटली म्हणून तो दोष माफ होत नाही. पण याचा उलटा अर्थपण काढू नका, पाच वर्षं वापरलेल्या मिक्सरचं कपलर झिजलं तर ती झीज, दोष नव्हे. आणि दोष आहे हे दाखवायचं काम बहुतेक वेळा आपल्यालाच करावं लागतं, म्हणून कागद लागतो.

सगळ्यात मोठी चूक जॉबशीटवर न वाचता सही करण्याची. टेक्निशियन घाईत असतो, आपणपण घाईत असतो. नेमकं काय होतंय ते आपल्या शब्दात लिहायला लावा, "स्पिनला जाताना थांबतं, दुसऱ्यांदा तीच तक्रार" असं, आणि तो ओकेच लिहित असेल तर सहीच्या वर स्वतः लिहा मग फोटो काढा. तक्रार नंबरचे मेसेज डिलीट करू नका. वॉरंटीत केलेली आणि नीट न मिटलेली तक्रार नंतर भांडताना जेवढी कामाला येते तेवढं दुसरं काही येत नाही.

दुसरं म्हणजे जुना पार्ट. बदललेला पार्ट तो पिशवीत टाकून निघतो, त्याआधी निदान फोटो आणि पार्ट नंबर घ्या. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टापर्यंत, न्यायचं असेल तर बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका, आयोग वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो आणि मधे कुणी हात घातला की कंपनी त्याच्यावरच बोट ठेवणार. आता फ्रिजशिवाय महिनाभर कोण राहणार, हेही खरंच. मग दुरुस्तीआधी बिघाडाचा लेखी रिपोर्ट तरी घ्या.

वॉरंटी कार्ड पुन्हा एकदा वाचा. बऱ्याच फ्रिज-एसीवर पूर्ण वस्तूला १ वर्ष आणि कॉम्प्रेसरला १० वर्षं असतात, लोक पूर्ण वस्तूची तारीख बघून कार्ड ठेवून देतात. अर्थात त्यात गॅस आणि लेबर बहुधा धरलेलं नसतं, फुकट होईल असं समजू नका. आणि पैसे भरून केलेली दुरुस्तीपण सेवाच आहे, ती फसली तर वेगळी तक्रार करता येते, पण बिल हवं. बिल न देणं ही कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे.

कस्टमर केअरशी फोनवर भांडण्यात महिने घालवू नका, मेल टाका. उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पण तिथली तक्रार म्हणजे केस नव्हे. केस जिल्हा आयोगात, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी जायला नको. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

आमचं काय झालं? फोन उपसला, वॉरंटीतले दोन तक्रार नंबर सापडले, तारखांसकट मेल टाकला, आठवड्याने फोन आला की पार्टचे पैसे घेणार नाही, लेबर द्या. दिलं, बिल घेतलं. यावेळी सहीआधी पूर्ण सायकल चालवून बघितली, तो बिचारा पाऊण तास घड्याळ बघत बसला होता, दोनदा चहा झाला त्याचा.