स्टिअरिंग थरथरतंय, सेन्सर उगाच ओरडतोय? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

शनिवारी सकाळी शटर वर करतो तेव्हा दारात एक तरी एसयूव्ही उभी असतेच. काच खाली होते आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "स्टिअरिंग वॉबल मारतंय, जरा अलाइनमेंट करून टाका." मी विचारतो, कधी मारतंय? ऐंशीला, शंभरला, ब्रेक दाबल्यावर, की वळताना? उत्तर येतं, "असंच हो, अधूनमधून." मग मी दोन चहा सांगतो, कारण आता वेळ लागणार हे कळलेलं असतं.

कराडला हायवेलगत माझं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि थोडंफार इलेक्ट्रिकलचं गॅरेज आहे. या धंद्यात गाडी नीट करण्यापेक्षा आधी कुणी कुणी काय काय बदललं हे शोधण्यातच माझा निम्मा वेळ जातो. म्हणून नेहमीच्या चुका एकदा लिहूनच काढतो.

थरथर म्हणजे अलाइनमेंट, हा समज

अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेने खातो. त्याने स्टिअरिंग थरथरत नाही. तरीही लोक तीन-तीनदा अलाइनमेंट करतात आणि वर म्हणतात, "फरक नाही पडला." कसा पडेल?

थरथर कधी येते हे नीट बघितलं तर अर्धं निदान गाडीत बसल्या बसल्या होतं. ताशी ८० ते ११०च्या दरम्यान हातात थरथर येत असेल आणि त्याच्या खाली-वर कमी होत असेल, तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायर. हात शांत आणि सीट हलतेय, तर मागची चाकं. फक्त ब्रेकला येते, तर ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ॲक्सिलरेटर दाबला की येते आणि सोडला की जाते, तर चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा, आतला जॉइंट. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की अडखळतं, तर जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल कमी आहे किंवा पट्टा घसरतोय, आणि इलेक्ट्रिक असेल तर आधी बॅटरी तपासा. कमजोर बॅटरीमुळे अडखळणाऱ्या स्टिअरिंगसाठी अख्खा रॅक (चाकं वळवणारा दांडा) बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत.

एक नवीन प्रकार समृद्धीवरून परत येणाऱ्यांचा. तिथे कारला १२०ची मर्यादा आहे. गावातल्या गावात सत्तरच्या वर कधी न गेलेली गाडी तिथे पळते, हातात थरथर येते, आणि मालक म्हणतो समृद्धीने गाडी बिघडवली. अहो, गाडी आधीपासून तशीच होती, रस्ता आत्ता मिळाला.

रिमच्या आतला चिखल

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दर पावसाळ्यानंतर हिचा मला वैताग येतो.

एक कंत्राटदार, मोठी डिझेल एसयूव्ही. नव्वदला स्टिअरिंग असं हलायचं की डॅशबोर्डवरचा गणपती नाचायचा. दोन गॅरेज फिरून आलेले. अलाइनमेंट तीनदा, बॅलन्सिंग दोनदा, स्टिअरिंग-सस्पेन्शनचे पार्ट म्हणजे दोन्ही टाय रॉड एंड, दोन्ही लोअर आर्म, आणि शेवटी चिडून चारही टायर नवे. बिलांची फाइल सोबत होती. नुसते टायर सोडले तरी अडतीस हजार.

मी काही न उघडता टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो. पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला आतल्या बाजूने, ब्रेककडे तोंड असलेल्या भागात, लाल माती बसलेली. ओली नाही, वाळून फरशीसारखी झालेली. विचारलं, कोकणात गेला होता का? "गुहागरला जागेचं काम चालू आहे, महिन्यातून दोनदा कुंभार्लीने जातो." स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तेव्हा तिचे खपले पडले. ते गोळा करून शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवले. एका चाकातून १४० ग्रॅम.

आता बघा काय झालं होतं. पहिल्या गॅरेजवाल्याने रिम न धुता चाक मशीनवर चढवलं. मशीनला माती आणि लोखंड यातला फरक कळत नाही. त्याने मातीसकट हिशोब केला आणि सांगितलं, समोर ८५ ग्रॅम लाव. लावलं. चाक बॅलन्स झालं, दोन दिवस गाडी मऊ पळाली. मग कुंभार्लीच्या एका खड्ड्यात अर्धी माती गळून पडली, आणि कालपर्यंत तोल सांभाळणारं तेच वजन आता चाकाला हलवू लागलं. पुढची सगळी बिलं त्या ८५ ग्रॅमची.

एवढ्याशा वजनाने काय होतंय, असं वाटतं. मोठ्या एसयूव्हीचं चाक ताशी १००ला सेकंदाला साधारण बारा वेळा फिरतं. रिमच्या कडेला ५० ग्रॅम जास्त असेल, तर प्रत्येक फेरीत सहा किलोच्या आसपास ओढा बसतो. सेकंदाला बारा वेळा. आणि तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून पन्नासला त्याचा फक्त चौथा हिस्सा असतो आणि गावात काहीच जाणवत नाही.

माझी सवय सांगतो. मशीनवर चढवण्याआधी प्रत्येक चाक आतून धुवायचं, जुनी सगळी वजनं काढायची आणि शून्यापासून सुरुवात करायची. पोरं कंटाळा करतात. जुनं वजन तसंच ठेवून शेजारी अजून एक चिकटवणं दोन मिनिटांचं काम आहे ना. त्या दोन मिनिटांवरून माझ्याकडे दोन पोरांनी काम सोडलंय. तुम्ही एवढंच करा: वॉशिंग सेंटरवाल्याला फेस मारून बॉनेट चकाचक करण्याआधी रिमच्या आत पाणी मारायला सांगा. घरी असाल तर बादली आणि जुना ब्रश पुरतो.

"डिस्क वाकली"

डिस्क सहसा वाकत नाही. ती एका जागी जाड आणि एका जागी पातळ होते, तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. पायाला मात्र ते कळतं. याची कारणं बहुतेक वेळा आपल्याच हातची असतात.

घाट उतरताना गिअर खाली न टाकता सगळा घाट ब्रेकवर उतरायचा, पायथ्याशी चहाला थांबून तापलेल्या डिस्कवर पेडल दाबूनच ठेवायचं. ब्रेक पॅडचा लेप त्याच जागी डिस्कवर बसतो. त्याहून थोर मंडळी घाट उतरून थेट वॉशिंग सेंटरला जातात आणि तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा घेतात. अर्धा तास थांबलं तर काय आभाळ कोसळणार आहे?

दुसरं कारण नटं. पंक्चर काढून झालं की गनने धडाधड आवळायची, एकाच बाजूने, शेवटचा आवाज येईपर्यंत. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, तिरकी बसते, आणि सुरुवातीला काहीच कळत नाही. तिचा एकच भाग दर फेरीत पॅडला घासत राहतो आणि चार-पाच हजार किलोमीटरनंतर ब्रेकला थरथर सुरू होते. तोवर पंक्चरवाला कुणाच्या लक्षातही नसतो. हबच्या तोंडावर गंजाचा एक खपला राहिला तरी हेच होतं. म्हणून मी डिस्क बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने घासतो, नटं हाताने लावतो, समोरासमोरची आवळतो आणि शेवट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने, करतो. मध्यम एसयूव्हींना बहुतेक १०० ते १३० न्यूटन-मीटर लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात आहे. हो, ग्लोव्ह बॉक्समधलं, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं पुस्तक.

लेथवर डिस्क फेसिंग (तोंड घासून सपाट) करून घ्यायला माझी हरकत नाही. पण डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती आधी वाचा. त्याच्या खाली गेलेली डिस्क घासून बसवणारा तुमचे पैसे वाचवत नाहीये.

झटपट काही

फोर व्हील ड्राइव्ह ४एचमध्ये (चारही चाकांना जोर) टाकून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणं घेऊ नका. अर्धवेळ, म्हणजे लिव्हरने हवं तेव्हाच लागणाऱ्या, फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायची मुभा नसते, गाडी अडते, स्टिअरिंग झटके देतं. बिघाड काही नाही, लिव्हर मागे घ्या.

बाहेरून मोठे अलॉय टाकलेत आणि नव्या चाकांवर पहिल्याच दिवशी थरथर? रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल. मध्ये हब रिंग लागते. ती काही शे रुपयांची वस्तू एक्सेसरीवाला हटकून विसरतो.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. "नवीन" टायर घेताना ती वाचा.

हवा टायर गार असताना तपासा. महाबळेश्वर करून आल्यावर नव्हे.

टायरवर फुगवटा दिसला तर मला फोन करून "किती दिवस चालेल" विचारू नका.

सेन्सरवर पुट्टी

आता मागच्या बंपरकडे. १ जुलै २०१९पासून नव्या कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, आणि तेव्हापासून माझ्याकडच्या तक्रारींत एक नवीन प्रकार आला. रिव्हर्स टाकला की तीन सेकंद लांब बीप आणि मग शांतता. ती बीप म्हणजे "मागे काहीतरी आहे" नव्हे. बहुतेक गाड्यांत तिचा अर्थ "मला काहीच दिसत नाहीये" असा असतो. लोक शांतता ऐकून निवांत मागे घेतात.

सेन्सरचं ते गोल बटण म्हणजे एक पातळ पडदा. तो आपल्या कानाच्या पलीकडच्या आवाजात, साधारण ४० किलोहर्ट्झला, थरथरतो आणि परत आलेला आवाज ऐकतो. आता हलगीच्या कातड्यावर पुट्टी थापली तर ती वाजेल का?

गेल्या वर्षी एक गुरुजी आले. बंपरला ओरखडा गेला म्हणून रंगकाम करून घेतलेलं, तेव्हापासून सेन्सर बंद. रंगवाल्याने सेन्सर न काढताच त्यांच्यावरून फवारा मारलेला, दोन हात रंग आणि वर लॅकर. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की मॉड्यूल (सेन्सर चालवणारा डबा) गेलं, नवीन मागवू. गुरुजी हिशोबी, म्हणाले आधी कराडला दाखवतो.

गाडी सपाट जागी लावली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढून चाकांना लाकडी ओंडके, नुसती चावी फिरवून रिव्हर्स टाकला. मग एकेका सेन्सरवर बोट टेकवलं. चालू सेन्सर बोटाखाली बारीक टिकटिक करतो, कान जवळ नेला तर ऐकूही येते. तीन करत होते, चौथा मेलेला. (काही गाड्यांत एक गेला की बाकीचेही गप्प बसतात, तिथे स्कॅनरशिवाय इलाज नाही.) मेलेला सेन्सर शेजारच्याच्या जागी लावला आणि शेजारचा याच्या जागी. बिघाड सेन्सरबरोबर सरकला असता तर सेन्सर खराब. तो जागेवरच राहिला, म्हणजे वायर. बंपर उतरवला तर पुन्हा बसवताना रंगवाल्याने वायर ब्रॅकेटखाली चेपलेली, तांबं हिरवं पडलेलं. वीतभर वायर, एक जोड, वर स्लीव्ह. बाकी तिघांवरचा रंग उतरवून पातळ हात मारून घ्यायला गाडी परत रंगवाल्याकडे पाठवली, त्याच्याच खर्चाने.

मॉड्यूल सांगणाऱ्याला मी फार हसत नाही, कारण सुरुवातीच्या काळात मीही एका गिऱ्हाइकाला अंदाजाने मॉड्यूल आणायला लावलं होतं. बिघाड निघाला कनेक्टरच्या एका पिनमध्ये. इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परत घेत नाही. ते मॉड्यूल अजून माझ्या कपाटात आहे, पैसे माझ्याच खिशातून गेले.

बाकी सेन्सरचे किस्से एकेका ओळीचे. प्रेशर वॉशरचं नोझल सेन्सरला टेकवून मारू नका. मुसळधार पावसात खोटी बीप येते, कापडाने पुसा आणि पुढे चला. शेजारी ट्रकने एअर ब्रेक सोडला तरी सेन्सर फसू शकतो. बुल गार्ड लावलेला असेल तर सेन्सरला तो गार्डच दिसणार, आणि तो गार्ड कायद्यातही बसत नाही. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहिली असेल तर आधी उंदराने वायर कुरतडलीय का बघा. आणि बारीक खांब, ताणलेली तार, बंपरच्या खाली राहणारा दगड सेन्सरला दिसत नाही, तेव्हा मान वळवून मागे बघायची सवय मोडू नका.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एक तरुण आला. नवी गाडी, पुढचे सेन्सर सिग्नलला उभं राहिलं की ओरडतात, शोरूमला दोनदा जाऊन आला, तिथे दोन्ही वेळा "सगळं ओके आहे" म्हणाले. मी पुढे जाऊन बघितलं. नंबर प्लेटच्या कडेला लिंबू-मिरची बांधलेली, वारा आला की झुलत बरोबर सेन्सरसमोर यायची. शोरूमवाले दर वेळी गाडी धुवायच्या आधी ती काढून ठेवायचे आणि नंतर परत बांधायचे. मी म्हटलं, काढू का? तो म्हणाला, "नको दादा, आईने बांधलीय." मग तीच वर ग्रिलला, मधोमध, आखूड दोऱ्याने बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. चहा त्याने पाजला.