क्रेडिट स्कोअर कमी असलेला भाडेकरू कसा पारखावा? न्यू जर्सीतल्या घरमालकांसाठी

न्यू जर्सीत घर भाड्याने देणाऱ्या आपल्या लोकांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘साडेसहाशेच्या खाली स्कोअर दिसला की अर्ज बाजूला ठेव.’ दुसरा, ‘अरे, आपल्या मंडळातला मुलगा आहे, त्याचा स्कोअर कसला बघतोस?’ दोन्ही कुचकामी, आणि दुसरा तर अंगाशी येणारा. इथे १९७४च्या कायद्यामुळे नुसती लीज संपली म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, कायद्यात बसणारं कारण लागतं. मालक स्वतः राहतो अशा लहान घरांना सूट आहे, ती सगळ्यांना नाही. तेव्हा जी पारख करायची ती किल्ली देण्याआधी.

जाहिरात टाकण्यापूर्वी निकष लिहून काढा आणि प्रत्येकाला तेच लावा. ओळखीच्याला ५९० चाललं आणि दुसऱ्याला त्याच आकड्यावर नकार दिला, तर तो सरळ भेदभाव ठरू शकतो. सेक्शन ८चं व्हाउचर (भाड्यासाठीची सरकारी मदत) आहे एवढ्यावरूनही कुणाला परत पाठवता येत नाही. गुन्ह्यांविषयीचा प्रश्न अर्जात नको. मोजके अपवाद सोडले तर सशर्त होकार दिल्यावरच तो विचारता येतो.

अर्ज भरून घ्या, लेखी परवानगी घ्या, क्रेडिट रिपोर्ट भाडेकरू तपासून देणाऱ्या स्क्रीनिंग सेवेकडूनच मागवा. अर्जदाराने पाठवलेली पीडीएफ चालणार नाही.

आता तो रिपोर्ट वाचायचा. सुरुवातीला मीही इथेच अडखळायचो, कारण ३०० ते ८५० मधला तो आकडा पहिल्याच पानावर ठळक छापलेला असतो आणि पुढची पानं कंटाळवाणी दिसतात. पण हा आकडा मुळात कर्ज देणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला इमानेइतबारे भाडं भरणाऱ्याची ती सवय बहुतेक वेळा त्यात उमटतच नाही. म्हणून आकडा सोडा आणि माणसाने कुणाचे पैसे थकवले ते बघा.

कलेक्शन्सच्या, म्हणजे वसुलीला गेलेल्या थकबाकीच्या यादीत आधीच्या घरमालकाचं किंवा अपार्टमेंट कंपनीचं नाव असेल, तर स्कोअर ७०० असला तरी मी थांबतो. वीज-गॅसचं बिल बुडवलं असेल तरी तेच. दवाखान्याची थकबाकी दिसली तर मी ती मोजतच नाही. आजारपण कुणी ठरवून आणत नाही, आणि या राज्यात २०२४च्या कायद्यानंतर अशी बिलं क्रेडिट रिपोर्टात घालायलाच बंदी आली. विद्यार्थी कर्जाचंही तारतम्य ठेवा: कोविडमधली सवलत पूर्ण संपल्यावर २०२५च्या सुरुवातीपासून ती थकबाकी नोंदली जाऊ लागली आणि बऱ्याच जणांचे स्कोअर एकदम घसरले. अशा अर्जदाराला एकच विचारा, हप्ते पुन्हा बांधून घेतले का?

मग प्रत्येक खात्याखालची महिन्यांची चौकट बघा. ‘ओके’, ‘३०’, ‘६०’, ‘९०’ असे खण असतात. आकडा म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा. समजा तिन्ही कार्डांवर मार्च ते जून ‘३०’, ‘६०’ आहेत, पुढे सगळीकडे ‘ओके’, आणि गाडीचा हप्ता त्या काळातही चुकलेला नाही. इथे बहुधा नोकरी गेली होती आणि माणसाने जमेल ते सांभाळलं. स्कोअर ५८० असला तरी मी त्याचा अर्ज पुढे नेतो. दर दोन-तीन महिन्यांनी विखुरलेले ‘३०’ मात्र मला जास्त खटकतात. ते संकट नाही, सवय आहे. आणि ही सवय तुमच्या भाड्यालाही लागते.

रिपोर्ट कोराच असेल, तर त्याला खराब म्हणू नका. पुण्याहून नुकताच आलेल्या माणसाचा सिबिल ८०० असला तरी या रिपोर्टात काही दिसत नाही. त्याचं ऑफर लेटर आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट पुरतं.

मिळकत भाड्याच्या तिप्पट हवी, हा नियम अर्धवट आहे. महिना ६,००० डॉलर कमावणाऱ्याला २,००० डॉलरचं भाडं कागदावर परवडतं. पण रिपोर्टातले गाडीचे आणि कार्डांचे हप्ते मिळून १,८०० निघाले तर कर कापल्यावर हातात काय उरणार? पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, वर्षारंभापासूनची एकूण रक्कम असते, ती महिन्यांशी ताडून बघा. बनावट स्टब बहुतेकदा तिथेच उघडा पडतो.

फोन आधीच्या घरमालकाला करा. सध्याच्या मालकाला ब्याद टाळायची असेल, तर तो गोडच बोलेल. नंबर खरंच मालकाचा आहे ना, हे मालमत्ता कराच्या सार्वजनिक नोंदीतल्या नावाशी जुळवून घ्या.

अजून धाकधूक असेल तर हमीदार मागा, आणि त्याचाही रिपोर्ट त्याच्या परवानगीने काढा. ‘काका आहेत ना’ एवढं पुरत नाही, काकांची सही हवी. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापलीकडे घेता येत नाही, म्हणून तिथे घासाघीस करत बसू नका.

नकार देताना तोंडी ‘जमणार नाही’ म्हणून सुटका नाही. निर्णय रिपोर्टामुळे झाला असेल तर फेडरल कायद्याप्रमाणे कळवावं लागतं: रिपोर्ट देणाऱ्या एजन्सीचं नाव, पत्ता, फोन, निर्णय एजन्सीचा नाही हे, ६० दिवसांत फुकट प्रत मागता येते आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येते हे, स्कोअर वापरला असेल तर तोही. घर दिलं पण रिपोर्ट बघून हमीदार मागितला किंवा डिपॉझिट वाढवलं, तरीही हे पत्र द्यावंच लागतं. ईमेलने पाठवा आणि प्रत अर्जासोबत ठेवा.