मुशा-ए बघायला शिकताय? आधी कोपऱ्यातले शिक्के वाचा

पुण्यात जपानी शिकत होते, एन-थ्री (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) नुकती झाली होती, आणि तेव्हाच कुनियोशी या एकोणिसाव्या शतकातल्या जपानी चित्रकाराची सामुराईंची चित्रं पहिल्यांदा बघितली आणि अक्षरशः वेडी झाले. मुशा-ए म्हणजे योद्ध्यांची, लढायांची लाकडी ठशांनी छापलेली चित्रं. मला हिदेयोशी हवा होता, सोळाव्या शतकात जपान एका छत्राखाली आणणारा एवढा मोठा माणूस, तर चित्रं ढिगाने असतील असं वाटलं, पण कित्येक महिने नाव शोधतेय आणि हाती फार थोडं लागतंय.

कारण नंतर कळलं. हिदेयोशीच्या गोष्टीवर चित्रं काढली म्हणून 1804 मध्ये उतामारो या चित्रकाराला 50 दिवस बेड्या घातल्या होत्या, आणि साधारण 1573 नंतरच्या योद्ध्यांना खऱ्या नावाने दाखवायला शोगुनच्या, म्हणजे तेव्हा जपान चालवणाऱ्या लष्करी प्रमुखाच्या, सरकारची बंदी होती. मग चित्रकारांनी नावंच थोडी फिरवली, हिदेयोशीचा हिसायोशी, त्याचा धनी नोबुनागा, त्याचा हारुनागा. बघणाऱ्याला बरोबर कळायचं!

म्हणून नवीन असाल तर तलवारी नंतर बघा, आधी नावाची चौकट आणि शिक्के बघा. सेन्सॉरचा एकच गोल 'किवामे' (म्हणजे तपासून मंजूर) शिक्का असेल तर चित्र साधारण 1791 ते 1842 मधलं, सेन्सॉरच्या नावांचे दोन शिक्के असतील तर 1847 ते 1852 च्या आसपासचं. अक्षरं जुन्या वळणाची असतात, एन-थ्रीचा तिथे फारसा उपयोग होत नाही, सवयीनेच जमतं. क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाचा ऑनलाइन डेटाबेस आहे, मी रोज रात्री त्यात बसायचे.

आणि झूम करून चिलखताच्या दोऱ्या बघाच. चित्रकार फक्त रेघा काढून द्यायचा, चेरीच्या लाकडात कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसे घालणारा प्रकाशक वेगळा, रंगागणिक बहुतेक वेगळा ठोकळा आणि कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून ठोकळ्यावर 'केन्तो' नावाच्या खुणा. ती एकेक दोरी कुणीतरी हाताने कोरलीय, आणि माझ्या मते खरा मान त्या कोरणाऱ्याचा, पण चित्रावर त्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच.

सुरुवात कावानाकाजिमापासून करा. ही 1561 ची लढाई, म्हणजे बंदीच्या आधीचा काळ, त्यामुळे तिथे एकमेकांशी लढलेले सरदार शिंगेन आणि केनशिन खऱ्या नावाने सापडतात. केनशिन घोड्यावरून वार करतोय आणि शिंगेन तो हातातल्या पंख्यावर झेलतोय, हा प्रसंग कितीतरी जणांनी काढलाय, ती चित्रं शेजारी शेजारी लावून बघा.